बाई, बागेत बसल्या बसल्या

बाई, मी तुम्हाला झोपू दिलं.

हे एकच वाक्य मी इतक्या जणांना सांगितलंय की आता ते माझं वाटेनासं झालंय. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. तुमच्या दिराला, म्हणजे यांना, सांगितलं. हैदराबादहून धावत आलेल्या नीलेशला, तुमच्या लेकाला, सांगितलं. शेजारच्या बायका दारात येऊन टेकल्या, त्यांनाही सांगितलं. नीलेश सोडून जो तो म्हणतो, "तुला कसं कळणार होतं?" खरंच आहे. कसं कळणार होतं. पण तुम्ही माझ्या शेजारी बसलेल्या होतात, बाई. तुमचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता.

रविवार होता. मावल्याच्या बागेत तळ्याच्या बाजूला जो बाक आहे तिथे आपण बसलो होतो. दुपारी पाऊस येऊन गेला होता आणि मग लख्ख ऊन पडलं होतं. बाक ओला होता. तुम्ही पदरानेच पुसायला लागलात. मी म्हटलं, "अवो बाई, माह्याजवळ रुमाल हाये न." तुम्ही म्हणालात, "पदर काय, वाळते." मग बसलो. तुम्ही चपला काढल्या, पाय मोकळे केले, तळ्याकडे बघितलं आणि म्हणालात, "मंगल, मी एक ठरवलं हाये."

मी म्हटलं, "काय?"

"आधी कणीस आन. खाता खाता सांगते."

मी उठले. फाटकाजवळ कणसाच्या गाडीवर गर्दी होती. गाडीवाल्याने विचारलं, "अक्का, कारम?" मी म्हटलं, एकाला कमी, एकाला भरपूर. भरपूर तिखटाचं तुमचं. लिंबू नीट चोळून घेतलं. परत आले तर तुमचे डोळे मिटलेले, मान जराशी एका बाजूला, हात मांडीवर. आणि मला हसू आलं, बाई. कारण तुमची ही सवयच होती. घरी गादीवर तुम्हाला झोप लागायची नाही, रात्ररात्र कूस बदलायचात. आणि बाहेर कुठेही गेलो की बसल्या जागी डोळा लागायचा. ऑटोत, बसमध्ये, पोचेऱ्याच्या धबधब्याजवळच्या खडकावर तर पाण्याचा एवढा आवाज असताना. "घरात घर झोपू देत नाई," असं तुमचंच म्हणणं होतं. म्हणून मी शेजारी टेकले. तुमचं कणीस पानात गुंडाळून मांडीवर ठेवलं आणि माझं खायला लागले. थंड होईल, उठवू का, असं एकदा मनात आलं. मग म्हटलं, राहू दे, हवा चांगली आहे.

तुमच्या गालावर माशी बसली. मी हाताने उडवली. ती परत येऊन बसली. तुम्ही हलला नाहीत.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. मी "बाई, बाई" म्हणून हाका मारल्या, एवढं आठवतं. पलीकडे सतरंजी टाकून बसलेलं एक कुटुंब धावत आलं. त्यातल्या माणसाने तुम्हाला उचलून ऑटोत बसवलं. वाटेत मी तुमच्या चपला हातात धरून बसले होते. दवाखान्यात डॉक्टरीणबाई फार वेळ तुमच्याजवळ थांबल्या नाहीत. बाहेर येऊन म्हणाल्या, हृदय बंद पडलं, झोपेतच गेल्या, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. मी विचारलं, चालण्याने झालं का, उन्हाने झालं का? त्या म्हणाल्या, "नाही हो. घरात भाजी चिरतानासुद्धा झालं असतं."

पण घरात भाजी चिरताना झालं नाही ना. बागेत झालं. आणि तेवढंच लोकांना पुरलं.

"फिरायला नेलं म्हणून गेली बिचारी," असं आपल्या गल्लीतल्या एकीने माझ्यासमोर म्हटलं. वाईट हेतूने नसेल. पण मला हसावं की रडावं कळेना. कारण कोणी कोणाला नेलं, हे आपल्या दोघींशिवाय आणि तुमच्या दिराशिवाय कोणाला ठाऊक आहे?

भावजी गेल्यावर तुम्ही पैनगंगेच्या काठचं गाव सोडून आमच्याकडे आदिलाबादला राहायला आलात. शेत बटईने, अर्ध्या वाट्याने, दिलं. कापूस, ज्वारी, गुरं यांत तुमचं सगळं आयुष्य गेलं होतं. माझं गेलं मराठी शाळेत आणि त्या शाळेच्या कामात. आपण दोघी एका घरच्या सुना, पण सणावाराला भेटणाऱ्या. एका छताखाली राहायला लागल्यावर पहिलं वर्ष आपण एकमेकींशी फार जपून वागलो. मी शाळेतून येईपर्यंत तुम्ही स्वयंपाक उरकलेला असायचा आणि मला ते अवघड वाटायचं. मी भांडी घासायला घेतली की तुम्हाला अवघड वाटायचं. तुम्ही थोरल्या. मी तुम्हाला बाई म्हणणार, तुमी-आमी करणार. असंच चाललं असतं.

मग ते निर्मल गावचं लग्न. तुमच्या दिराने गाडी काढली होती. परत येताना नेरडीगोंड्याला रस्त्यावर कुंटाल्याच्या धबधब्याची पाटी दिसली आणि मागच्या सीटवरून तुम्ही म्हणालात, "गाडी वळवा."

हे म्हणाले, "वहिनी, तिथं काय हाये? पानीच तं हाये."

"पानीच पाहाचं हाये."

"तुमी कदी गेल्या नाई काय?"

"कदी कोनं नेलं?"

यांनी गाडी वळवली. लग्नातली जरीची साडी नेसून तुम्ही त्या सगळ्या पायऱ्या उतरलात. मी मागून "बाई, सांभाळून, बाई, निसरडं हाये" करत होते आणि तुम्ही माझ्याकडे लक्षच देत नव्हता. खाली पोचल्यावर पाण्याचा तो आवाज आला. कड्यावरून एवढं पाणी, धूर झाल्यासारखं. तुम्ही उभ्या राहिलात. तोंडावर तुषार येत होते, कपाळावरचा घाम आणि पाणी एक झालं होतं. हे म्हणाले, तिकडे महादेव आहे, आलोच आहोत तर दर्शन घेऊ. तुम्ही हात हलवून नाही म्हणालात.

"आज देवाचं नाई. आज माहं हाये."

मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं होतं, मी तुम्हाला ओळखते.

परत येताना गाडीत तुम्ही मला हिशेब मांडून दाखवलात. हिशेब म्हणजे तुम्ही कुठे कुठे गेलात त्याचा. माहेरी गेलात ते बाळंतपणाला नाहीतर कोणी गेलं म्हणून. जैनथला गेलात ते देवाला. वांकिडीला गेलात ते लग्नाला. मुधोळला गेलात ते पोरगी पाहायला. बासरला सरस्वतीपुढे नीलेशला पहिलं अक्षर काढायला नेलं होतं. "नुसतं पाहाले म्हनून मी आज पह्यल्यांदा गेली," तुम्ही म्हणालात. तुमच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट काहीतरी सापडल्याचा आनंद होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बायकांना बस फुकट झाली. तुम्ही आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेच्या पिशवीत ठेवायला लागलात. कंडक्टरने शून्याचं तिकीट फाडून दिलं की ते घडी करून ठेवायचात. आणि आपले रविवार सुरू झाले. नेरडीगोंड्यापर्यंत बस, पुढे ऑटो. बोथ फाट्यावर उतरून पोचेरा. सातनाल्याचं धरण. जवळ जायचं असलं की माझ्या स्कूटीवर मागे बसून मावला. पाय एका बाजूला टाकून, एक हात माझ्या कमरेला आणि दुसऱ्या हातात फुटाण्यांची पुडी.

बसमध्ये ओळखीच्या बायका भेटायच्या. त्या विचारायच्या, "कुठं निघाल्या?" पहिल्या पहिल्यांदा मी गडबडायचे. शाळेचं काम आहे म्हणायचे, नातलगाकडे म्हणायचे. तुम्ही सरळ सांगायचात, "पानी पाहाले." "म्हंजे कायले?" "कायले काय, पाहाले." त्यातल्या एकीला हे इतकं खटकलं की ती उतरेपर्यंत आपल्याकडे बघत होती. तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "तिकीट लागत नाई तं कारन कायले लागाव?"

गांधी पार्कातला तो झोका आठवतो का? (बघा, मी अजून विचारतेच आहे.) सकाळची वेळ होती, पार्कात चालणारी मंडळी गोल गोल फिरत होती. तुम्ही कोपऱ्यातल्या झोक्यावर जाऊन बसलात. लहान मुलांचा झोका, साखळ्यांचा. वॉचमन आला आणि तेलुगूत म्हणाला, "अम्मा, इदि पिल्ललकु." हा पोरांसाठी आहे. तुम्ही पाय जमिनीला लावून झोका थांबवलात आणि त्याला मराठीत विचारलंत, "मंग मी काय आभायातून पडली काय? मीबी कोनाची तं पोरच हाये न."

त्याला मराठी येत असणार. आदिलाबादेत कोणाला येत नाही? तो वळला आणि दुसऱ्या बाजूची पाण्याची नळी उचलून झाडांकडे गेला. तुम्ही मनसोक्त झोके घेतलेत. चालणाऱ्यांमध्ये माझ्या शाळेतले एक सर होते. मला लाज वाटत होती, बाई. आणि हेवाही वाटत होता. तुम्ही म्हणालात, "ये न तू." मी गेले नाही. पुढच्या वेळी जाईन म्हणाले.

आपलं एक भांडण तर मिटलंच नाही. कुंटाला मोठा की पोचेरा चांगला. मी कुंटाल्याच्या बाजूने. उंची बघा, आवाज बघा, लोक किती लांबून येतात. तुम्ही पोचेऱ्याच्या. "कुंटाल्याचं पानी पाहाले मान वर कराव लागते," तुम्ही म्हणायचात. "पोचेऱ्याचं पानी आपल्याजवळ येऊन बसते. मान वर करून करून आयुष्य गेलं न मंगल." मी म्हणायचे, धबधबा म्हणजे उंचीच. तुम्ही म्हणायचात, धबधबा म्हणजे ओलं होणं. जेवताना हेच, भाजी निवडताना हेच. हे वैतागून म्हणायचे, "दोन्हीबी पानीच हाये, जेवू द्या मले." परवा आम्ही दोघंच ताटावर बसलो आणि माझ्या तोंडून निघालं, "बरं, पोचेरा तं पोचेरा." हे मग उठून हात धुवायला गेले. त्यांचं जेवण झालेलं नव्हतं.

पोचेऱ्यावरूनच फोटोचं आठवलं. तुम्हाला फोटो काढलेला आवडायचा नाही. मी मोबाइल काढला की तुम्ही पाठ फिरवायचात. "डोळ्यानं पाह्य न, त्या डबीतून काय पाहून राह्यली?" म्हणून माझ्या मोबाइलमध्ये तुमच्या पाठीच आहेत. तळ्याकडे बघणारी पाठ, धरणाकडे बघणारी पाठ, हिरव्या लुगड्यातली, निळ्या लुगड्यातली. चेहऱ्याचा एकच फोटो आहे, पोचेऱ्याचा, तोही तुम्हाला न कळता काढलेला. केस ओले, पदर कमरेला खोचलेला, तोंड उघडं टाकून हसताहात. समोरचा एक दात नाही, तोही दिसतोय.

भिंतीवर हार घालायला फोटो हवा म्हणून सगळे माझ्याकडे आले तेव्हा मी तो दाखवला. कोणाला पसंत पडला नाही. चुलतसासूबाई म्हणाल्या, "असा फोटो लावतेत काय? डोक्यावर पदर नाई." नीलेशनेही बघितला आणि मोबाइल मला परत दिला. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. तोच आता बैठकीत आहे. बाई, ती तुम्ही नाहीच. ती कोणीतरी घाबरलेली बाई आहे, जिला ऑफिसात कोणीतरी दम देऊन सरळ बघायला सांगितलंय. मी सकाळी दिवा लावते आणि नजर खाली ठेवते.

नीलेशचं सांगते. तो आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. सूनबाई आणि लहानगी मागे, हा पुढे. आधी तुमच्यापाशी बसला. सगळं झाल्यावर, गोदावरीत अस्थी सोडून परत आल्यावर, अंगणात सगळे बसलेले असताना तो माझ्याकडे वळला.

"काकू, तिले बीपी होतं. घरी आराम कराचं वय तिचं. तुमी तिले गावभर कायले फिरवून राह्यल्या?"

तुमचे दीर म्हणाले, "नीलेश, तुही माय फिरवल्यानं फिरनारी बाई नोहोती."

"मंग एकटी सोडून कणीस आनाले काऊन गेल्या?"

मी गेले, कारण तुम्ही सांगितलंत. पण हे वाक्य कोणासमोर म्हणण्यासारखं आहे का? मी आत आले आणि मोरीत तोंडावर पाणी मारत राहिले. मला नीलेशचा राग आला नाही. त्याला कोणावर तरी ओरडायचं होतं आणि मी समोर होते. मला भीती वाटत होती वेगळीच. तो पुढे काय विचारणार, ते मला ठाऊक होतं.

कारण वर्षभर तोच विषय होता. त्याने तिकडे फ्लॅट घेतला तेव्हापासून म्हणत होता, आई, आता कायमची ये. लहानगीला आजी पाहिजे. सूनबाईला नोकरी आहे. तुम्ही दर वेळी काहीतरी सांगून पुढे ढकलायचात. बटईचं बघायचंय, दात बसवायचाय, पाऊस होऊ दे. एकदा सातनाल्याला धरणाच्या भिंतीवर बसलो असताना तुम्ही मला विचारलंत, "मंगल, जाऊ काय मी हैदराबादले?"

मी म्हटलं, "जा न बाई. पोराचं घर हाये. आज ना उद्या जावंच लागन."

तुम्ही धरणाच्या पाण्याकडे बघत "हाव," म्हणालात. येताना आपण बसमध्ये पुढे-मागे बसलो, शेजारी जागा नव्हती.

तेरवी झाली. जेवणं उरकली, पाहुणे निघायला लागले. संध्याकाळी घरातलेच तेवढे उरलो. तेव्हा नीलेशने विचारलं. आवाज आता चढलेला नव्हता.

"काकू, ती येनार होती न? तुमाले सांगितलं असन तिनं. मी मागच्या हप्त्यात तिले लय बोललो. म्हनलं, हो का नाई ते एकदाचं सांग. ती म्हने, ठरवते अन सांगते."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सूनबाईसुद्धा. तुमचे दीर तर डोळ्यांनी मला सांगत होते, हो म्हण. एवढंच म्हणायचं होतं, हो, येणार होत्या, ठरवलं होतं त्यांनी. पोराला आयुष्यभर पुरलं असतं. आणि खोटंही कशावरून? तसंच असू शकतं. माझ्या जिभेवर ते वाक्य आलं होतं, बाई.

पण तुम्ही बसमध्ये कधी खोटं कारण सांगितलं नाहीत. मी काय करणार?

मी म्हटलं, "त्या म्हनल्या, मी एक ठरवलं हाये. काय ठरवलं ते सांगाच्या आधी मले पाठवलं."

"म्हंजे?"

"म्हंजे मले नाई माहीत, नीलेश."

तो मग उठून आत गेला. हे मला म्हणाले, "काय बिघडलं असतं तुहं?" मी म्हटलं, "माहं काईच नाई बिघडलं असतं."

त्या रात्री मला वाटलं, हा आता जाईल तो पुन्हा या घरात यायचा नाही. तुमच्यामागे तुमचा लेकही मी घालवला.

सकाळी मी त्यांच्यासाठी डबा बांधत होते. ज्वारीचं पीठ, तुमच्या हातचं लिंबाचं लोणचं. बरणी निम्मीच भरली, निम्मं लोणचं ठेवून घेतलं, हे तुम्हाला सांगते. नीलेश स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं, पाणी पाहिजे. तो आत आला आणि ओट्याला टेकला, लहानपणी सुटीत यायचा तेव्हा टेकायचा तसा.

"काकू, तिनं फोनवर मले एक इचारलं होतं," तो म्हणाला. "मी म्हनलं, एकदाचं सांग, तं ती म्हने, तुह्या घराजवळ बाग हाये काय?"

मी डब्याचं झाकण लावता लावता थांबले.

"मी म्हनलं, आई, बाग कायले पाह्यजे? घरात एसी हाये. ती म्हने, बसाले. मी म्हनलं, बसाले सोफा हाये न." एवढं बोलून तो हसायला गेला आणि ते हसणं मध्येच भलतंच झालं. "ती म्हने, बरं बाबू, हाये सोफा. अन फोन ठेवला."

मी झाकण तसंच ओट्यावर ठेवलं.

"इथं आल्यावर मोबाइलवर पाह्यलं, काकू. आमच्या बिल्डिंगच्या मागंच बाग हाये. तळं हाये, झाडं हायेत, बाकं हायेत, सगळं हाये. मी तिथं राह्यतो अन मले माहीत नोहोतं. गाडी काढतो, ऑफिसले जातो, गाडी लावतो. मी तिले सांगितलं असतं न, हाये बाग... तं आली असती काय ती?"

त्याने हे मला विचारलं, बाई. तुमच्या पोराने, ओट्याला टेकून. मी त्याला जवळ घेतलं. तो केवढा उंच झालाय, माझं डोकं त्याच्या छातीला लागत होतं. तो रडला आणि मी रडले. सूनबाई दारात आली आणि तशीच मागे फिरली. जाताना तो माझ्या पाया पडला. म्हणाला, "काकू, पुढच्या महिन्यात येतो. मले ते पानी दाखवजा, जे पाहाले आई जात होती." मी म्हटलं, "ये."

गाडी गेली. मी अंगणात उभी राहिले आणि तेव्हा, बाई, मला धक्का बसला. तुम्ही गेल्याचा नाही. तो तर मावल्यालाच बसला होता, अजून अंगातून गेलेला नाही. हा दुसराच. म्हणजे तुम्ही बागेची चौकशी करत होतात. म्हणजे तुम्ही जाणार होतात का? हैदराबादला जाऊन तुम्ही कुठल्या बाकावर बसायचं, कोणाबरोबर बसायचं, याची तयारी मनात चालली होती का? आणि मला पत्ता नाही? की तुम्ही सहज विचारलंत, कुठल्याही गावाचं नाव निघालं की विचारायचात तसं? गुडीहत्नूरला बस थांबली तरी तुम्ही खिडकीतून विचारायचात, इथं पाहाले काय हाये? दोन्ही खरं असू शकतं. कुठलं खरं, ते मला आता कोणीच सांगणार नाही. तुमच्या जाण्याने रडून रडून थकलेली मी अंगणात उभी राहून तुमच्यावर चिडले. एवढी चिडले की तेरवीच्या मांडवाची राहिलेली दोरी ओढून तोडली. यांनी खिडकीतून बघितलं.

आज रविवार आहे. हे बाहेर गेलेत. शाळेचे पेपर तपासायला घेतले आणि बाजूला ठेवले, तुमच्याशी बोलायला बसले. घर एवढं गप्प कधी नव्हतं. तुम्ही असताना तुमची पावलं वाजायची, बांगड्या वाजायच्या, उगाच एखादं भांडं वाजायचं.

बाई, धरणावर तुम्ही मला विचारलं होतं, जाऊ काय मी? मी म्हटलं, जा न. धाकट्या जावेने जे म्हणायचं असतं ते म्हटलं. पोराचं घर असताना दिराच्या घरी राहा म्हणण्याचा हक्क मला कोणी दिला होता? तुम्हीही तेवढंच ऐकलंत आणि पाण्याकडे बघत बसलात. वर्षभर मी प्रत्येक रविवारी मनात घाबरत होते, की हा शेवटचा असेल, पुढच्या रविवारी तुम्ही हैदराबादच्या बसमध्ये असाल. एकदाही तुम्हाला बोलले नाही. तुम्ही मावल्याला "मी एक ठरवलं हाये" म्हणालात तेव्हा मला वाटलं, हे हैदराबादचंच. म्हणूनच मी एवढ्या पटकन उठले. तुमचं वाक्य जितकं लांबेल तितकं बरं, असं मला वाटत होतं.

आता थोरली-धाकटी, हक्क, पोराचं घर, सगळं संपलं. घरात कोणी नाही. आता मला म्हणता येतं.

बाई, नका न जाऊ.